होडीची जुनी आउटबोर्ड मोटार घरी दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैठणला माझं छोटं वर्कशॉप आहे. आधी राजदूत, येझदी, लुना अशा टू-स्ट्रोक गाड्यांचं काम करायचो. मग एका भोईकाकांनी छकड्यात घालून होडीची एक जाम झालेली मोटार आणली आणि तिथून हे काम मागे लागलं. आता नांदेड, माजलगाव, परभणीकडून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, इथे होडीच्या मोटारीचं काय काम?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. नाथसागर म्हणजे जायकवाडीचा जलाशय, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी, मांजरा या सगळ्या पाण्यावर मासेमारी चालते. तरी खरं कारण वेगळं आहे. आपल्याकडे पाणी एक तर नसतं, नाहीतर अंगावर येतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. त्याच मांजरेच्या खोऱ्यात २०२५ च्या सप्टेंबरात गावांना पाण्याने वेढा घातला, आणि बीड-धाराशिवकडे माणसं बोटीतून काढायची वेळ आली.

म्हणजे आपल्या भागातली मोटार वर्षानुवर्षं कोरडी पडून असते आणि एके रात्री तिने पहिल्या झटक्याला सुरू व्हावं लागतं. कोकणातली मोटार वापरून झिजते, आपली पडून मरते. खाली मी जे सांगतोय ते या एका गोष्टीभोवती आहे. एका गावात पुराच्या दिवशी होडी होती, माणसं होती, पेट्रोल होतं, फक्त मोटार सुरू झाली नाही. नंतर ती माझ्याकडे आली. कार्बोरेटरच्या वाटीत तीन वर्षांपूर्वीचं पेट्रोल काकवीसारखं घट्ट होऊन बसलेलं होतं. काम होतं अर्ध्या तासाचं.

आउटबोर्ड मोटार म्हणजे नेमकी कोणती? विहिरीवरची का?

आपल्याकडे "मोटार" म्हटलं की विहिरीवरची किंवा बोअरमधली, म्हणून सांगतो. आउटबोर्ड ही होडीच्या मागच्या फळीला दोन पकडींनी अडकवायची मोटार. वर इंजिन, मधे लांब पाय, खाली गिअरपेटी आणि पंखा. अमेरिकेत ओल एव्हिनरूडने १९०९ च्या सुमारास ती बाजारात रुजवली, आणि रचना आजही बरीचशी तीच आहे. वरचं इंजिन उभं बसवलेलं असतं, म्हणजे क्रँक उभा. थंड करायला रेडिएटर नाही, धरणाचंच पाणी खालून ओढून इंजिनात फिरवायचं आणि बाहेर टाकायचं. राजदूतचं इंजिन ज्याला कळतं त्याला ही मोटार निम्मी कळलेली असते. उरलेली निम्मी म्हणजे पाणी.

जुनी मोटार घेताना काय बघू?

मुंबईच्या दारूखाना भागातल्या जहाजांच्या भंगारात, कोकणातल्या बंदरांवर, कधी लिलावात जुन्या मोटारी मिळतात. वरचं झाकण चकचकीत असलं तरी त्याकडे बघू नका, ते काढायला लावा. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनावरचं जड चाक, हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवा. फिरलं आणि मधे मधे दाब लागला तर निम्मी चिंता मिटली. दोन्ही प्लग काढून थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरातला दाब मोजायचं मीटर) लावून सुरू करायची दोरी ओढा. आकडा किती आला यापेक्षा दोन सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. तो दहा-पंधरा टक्क्यांच्या वर असेल तर रिंग, पिस्टन किंवा हेडच्या पॅकिंगचा खर्च धरूनच भाव करा.

मग खाली बसा. गिअरपेटीचा खालचा स्क्रू किंचित सैल करून तेलाचे चार थेंब बोटावर घ्या. काळपट पण स्वच्छ असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखं असेल तर आत पाणी शिरलंय. बोटाला चमचमणारी कच लागली तर गिअर खाल्लेत, अशी मोटार मी घेत नाही.

समुद्रावरची मोटार असेल तर मिठाने ॲल्युमिनियम आतून पोखरलेलं असतं. बोल्टच्या कडेने पांढरी भुकटी आणि रंगाचे फुगे आले असतील तर तिथे नखाने दाबा. एकदा मी रंगाला भुललो होतो. घरी आणून खरवडल्यावर अख्खी कड रंगाऱ्याच्या लांबीने (पुट्टीने) भरलेली निघाली.

आणखी दोन गोष्टी. पायाची लांबी साधारण १५ इंच किंवा २० इंच अशी येते. तुमच्या होडीच्या मागच्या फळीची उंची मोजून जा, कारण पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेला किंवा किंचित खाली आली पाहिजे. दुसरं, दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरून आलेल्या कित्येक मोटारी रॉकेलवर चालणाऱ्या असतात. त्या पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर टाकतात, आणि त्यांचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं असतं. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा.

सुटे भाग कुठे मिळतील?

मोटार ज्या कंपनीची तिचे भाग अजून येतात का, हे घेण्याआधी बघा. एव्हिनरूडच्या मोटारी बनवणं २०२० मध्ये बंद झालं, त्यामुळे तिचे भाग शोधावे लागतात. जपानी टू-स्ट्रोक मोटारींचे भाग तुलनेने सहज मिळतात, मुंबई-कोचीहून पार्सलने येतात.

बाकी जितकं वाटतं त्यापेक्षा बरंच आपल्याकडेच होतं. ऑइल सील आणि बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन संभाजीनगरात बेअरिंगच्या दुकानात जा. वाळूजच्या भागात चांगले लेथवाले आणि बोअरिंगवाले आहेत. जळालेली कॉइल कधी कधी रिवाइंडिंगवाल्याकडून भरून मिळते. आणि गावातला सगळ्यात म्हातारा टू-स्ट्रोक मेकॅनिक शोधा. कानाने टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) ओळखणारी ही माणसं आता कमी होत चाललीत. त्यांना मान द्या, चहा पाजा, शेजारी बसून बघा.

दोन गोष्टी मात्र स्थानिक बनवून घेऊ नका. पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारं पाकळ्यांचं चाक, तो कंपनीचाच लागतो. आणि लहान मोटारींत पंख्यामागे जी शिअर पिन असते ती. लेथवाला प्रेमाने कडक लोखंडाची पिन करून देतो, पण ती पिन तुटण्यासाठीच असते. नाथसागराचं पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांचे खुंट वर येतात, पंखा त्यावर आदळला की पिन तुटते आणि गिअर वाचतो. कडक पिन तुटत नाही, गिअर तुटतो.

इंजिन पूर्ण जाम आहे. हातोडी मारू का?

नाही. दोरीला झटकेही देऊ नका.

भोईकाकांच्या त्या पहिल्या मोटारीचं सांगतो. प्लग काढले, बॅटरीने आत पाहिलं तर वरच्या सिलिंडरात पिस्टनच्या कडेने तांबूस गंजाची कडी दिसत होती. डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल निम्मं निम्मं मिसळून दोन्ही प्लगच्या भोकांतून ओतलं. इंजिन उभं असल्यामुळे सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे तेल पिस्टनच्या खालच्या बाजूलाच साचतं. म्हणून मोटार आडवी करून प्लगची भोकं आभाळाकडे येतील अशी पोत्यांवर टेकवली. रोज सकाळी बघायचो. तेलाची पातळी पहिले तीन दिवस हललीच नाही. चौथ्या दिवशी बोटभर खाली गेली, म्हणजे तेल रिंगांमधून वाट काढत होतं. पुन्हा भरलं. फ्लायव्हीलच्या नटावर पाना लावून फक्त घट्ट करायच्या दिशेने, हाताच्या वजनाइतकाच जोर देत राहिलो. नवव्या दिवशी नखाएवढं हललं. तिथे थांबलो. मागे-पुढे, मागे-पुढे, दर वेळी केसभर जास्त. संध्याकाळपर्यंत पूर्ण फेरा झाला. काका दारात उभे होते, त्यांनी काही न बोलता फ्लायव्हीलवर हात ठेवला.

फिरायला लागली म्हणून लगेच सुरू करू नका. हेड काढा, सिलिंडर बघा. बोटाने चाचपल्यावर खड्डा जाणवत असेल तर बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणं) आणि मोठा पिस्टन. नुसता डाग असेल तर हलकं होनिंग (आतून बारीक घासणं) आणि नव्या रिंगा पुरतात. रिंगा काजळीने खाचेत चिकटलेल्या असतात, त्या ओढून काढू नका. दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवा, सुटतात.

बोल्ट निघत नाही, डोकं तुटेल असं वाटतं.

वाटतंय म्हणजे तुटणारच आहे, थांबा. ॲल्युमिनियमच्या अंगात स्टीलचा बोल्ट आणि मधे ओल, अशाने दोन्ही धातू एकमेकांना धरतात. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी बोल्टच्या भोवतालचा भाग ब्लोटॉर्चने तापवा. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं, तेवढ्या फटीत तेल उतरतं. जवळपास पेट्रोलची टाकी, डबा, पाइप काहीही नको. मग आधी थोडं घट्ट करा आणि नंतर सैल करा. कर्र आवाज आला की पुन्हा तेल.

तुटलाच तर मधोमध पंच मारून लहान ड्रिलने भोक पाडा आणि लेथवाल्याकडे न्या. आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवता येते. परत बसवताना प्रत्येक बोल्टला ॲन्टी-सीझ ग्रीस लावा. पुढच्या वेळी तो बोल्ट कदाचित तुमचा मुलगा खोलणार असेल.

कार्बोरेटर साफ केला, तरी मोटार सुरू होऊन बंद पडते. असं का?

कारण तो बाहेरून साफ झालाय. वाटी खोला, फ्लोट काढा, सुई काढा, जेट उघडा. जेट उजेडाकडे धरून आरपार गोल भोक दिसतंय का बघा. भोक गोल न दिसता चंद्रकोरीसारखं दिसलं तर आत अजून पापुद्रा आहे. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा आणि कॉम्प्रेसरची हवा मारा. मिश्रणाचा स्क्रू काढायच्या आधी तो किती फेरे आत जातो ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा.

यानंतरही बंद पडत असेल तर पेट्रोल पोचत नाही. फ्युएल पंपाचा पातळ पडदा ताणलेला किंवा फाटलेला असतो. पाइपमधला रबरी फुगा दाबून कडक होतो का बघा. होत नसेल तर कुठेतरी हवा ओढतोय.

इथे पेट्रोलबद्दल बोलायलाच हवं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते आपल्याच उसातून, मळीतून येतं, त्याने कारखान्याला आधार मिळतो, मला त्याचा आनंद आहे. पण ही मोटार बनली तेव्हा तिचे रबरी पाइप आणि पडदे इथेनॉल डोळ्यापुढे ठेवून बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, चिरतात. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाला वेगळं बसतं. टू-स्ट्रोकमध्ये वंगण वरच्या पेट्रोलात राहतं, नळी मात्र तळातून ओढते. म्हणजे इंजिनाला वंगण नसलेलं पाणीदार इंधन जातं. म्हणून सगळे पाइप आणि पडदे नवे, इथेनॉल सोसणारे टाका. आणि महिन्याभरापूर्वीचं पेट्रोल मोटारीला पाजू नका. ते मोटरसायकलच्या भरल्या टाकीत थोडं थोडं मिसळून संपवा, त्यातल्या वंगणामुळे थोडा धूर होईल इतकंच.

पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं? पंपावरचं टू-टी चालेल का?

प्रमाण मोटारीच्या पुस्तकातलंच घ्या. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. खूप जुन्या मोटारींना २५:१ च्या आसपास लागतं. नव्या रिंगा टाकल्या असतील तर ५०:१ च्या मोटारीलाही पहिले दहा तास दुप्पट ऑइल द्या आणि थ्रॉटल पूर्ण उघडून सलग पळवू नका.

टू-टी म्हणजे लुनासारख्या गाड्यांचं टू-स्ट्रोक ऑइल, ते अडीअडचणीला चालतं, रोजचं नको. ते हवेने थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं. होडीचं इंजिन गार पाण्यावर चालतं, त्यात त्या ऑइलची राख पिस्टनवर आणि प्लगवर बसते. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल घ्या. ऑइल आधी, मग पेट्रोल, मग डबा हलवा.

ठिणगीच येत नाही.

सगळ्यात आधी बंद करायच्या बटणाची लाल दोरी आणि तिची क्लिप जागेवर आहे का बघा. ही क्लिप नसली की मोटार ठिणगी देत नाही. परभणीहून एकजण केवळ एवढ्यासाठी मोटार घेऊन आले होते. क्लिप घरी पोरांच्या खेळण्यात सापडली.

मग नवा प्लग लावून, तो ब्लॉकला टेकवून, प्लगच्या भोकापासून दूर धरून दोरी ओढा. ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळट, आळसावलेली असेल तर जुन्या मोटारीत फ्लायव्हीलखालचे पॉइंट घासून साफ करा आणि फिलर गेजने अंतर लावा. नव्यात पॉइंटांऐवजी सीडीआय (इलेक्ट्रॉनिक ठिणगीची पेटी) असतो, तिथे मल्टिमीटरने कॉइलचा रेझिस्टन्स पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. फ्लायव्हील काढायला पुलरच वापरा, आणि तो मधल्या आट्यांच्या भोकांत लावायचा, कडेला पकडून ओढायचा नाही. खाली अर्धचंद्राकृती चावी असते, ती निम्मी कापली गेली असेल तर टायमिंग सरकतं आणि माणूस महिनाभर कार्बोरेटर धूत बसतो.

पाण्याचा पंप बदलायलाच हवा का? जुना बरा दिसतोय.

बदला. पडून राहिलेल्या मोटारीत इंपेलरच्या रबरी पाकळ्या ज्या बाजूला वाकलेल्या असतात तशाच राहतात, परत उघडत नाहीत. हातात घेऊन बघा, एक पाकळी सरळ आणि बाकी पाच दुमडलेल्या, सुकलेल्या कारल्याच्या फोडीसारख्या कडक.

जुन्या इंपेलरच्या पाकळ्या मोजा. एखादी कमी असेल तर तो तुकडा वर कुठेतरी पाण्याच्या वाटेत अडकलाय, तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. नवा इंपेलर बसवताना घराला ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा, शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत हलके दाबा, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकतात. शाफ्टच्या दातांना कडेने ग्रीस लावा, डोक्यावर नको. डोक्यावरचं ग्रीस आत दबून राहतं आणि पाय वर नीट बसत नाही.

समुद्रावरची मोटार असेल तर थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून बघा. त्याच्याभोवती मिठाचा दगड झालेला असतो. पांढरं व्हिनेगर कोमट करून काही तास भरून ठेवा आणि भरपूर साध्या पाण्याने धुवा. संडासाचं ॲसिड चुकूनही नको, ते मिठाआधी ॲल्युमिनियम खातं. पायाला जो बळीचा धातू, म्हणजे स्वतः झिजून मोटार वाचवणारा तुकडा, लावलेला असतो, तो समुद्रासाठी जस्ताचा असतो. आपल्या गोड्या पाण्यात जस्त सुस्त पडतं, मॅग्नेशियमचा किंवा ॲल्युमिनियमचा लावा.

गिअर ऑइल कसं भरायचं?

खालून. खालचा आणि वरचा दोन्ही स्क्रू काढा, जुनं पूर्ण निथळू द्या, मग खालच्या भोकातून नवं भरत जा, वरच्यातून बुडबुड्याशिवाय बाहेर येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. दोन्हींचे वॉशर नवे. वरून ओतलं तर आत हवा अडकते.

तेल दुधाळ असेल तर पंखा काढून मागे बघा. दहापैकी आठ वेळा तिथे तंगूस गुंडाळलेला सापडतो. जाळ्याचा तो बारीक धागा फिरत फिरत सीलच्या ओठात शिरतो आणि त्याला ब्लेडसारखा कापतो. मासेमारीच्या होडीवर दर पंधरा दिवसांनी पंखा काढून बघत जा.

पहिल्यांदा सुरू कशी करू? घरी तर तलाव नाही.

दोनशे लिटरचं टिपाड. जाड फळी बांधून त्यावर मोटार अडकवा, वरून साखळीने खांबाला बांधा, पंखा काढून ठेवा, गिअर न्यूट्रल. पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या बरंच वर हवं. कोरडी मोटार "फक्त एक सेकंद" सुद्धा सुरू करू नका, नवा इंपेलर घासून जातो. टिपाड उघड्यावर ठेवा. बंद खोलीत या धुराने माणूस दगावतो.

सुरू झाली की आवाजाकडे नाही, मागच्या बारीक भोकातून येणाऱ्या पाण्याच्या धारेकडे बघा. अर्ध्या मिनिटात धार दिसली नाही तर बंद करा. धार दिसली की हात लावून बघा, कोमट असावी. पहिली दहा मिनिटं पांढरा धूर भरपूर येईल, आत ओतलेलं डिझेल जळतंय. टिपाडातल्या पाण्यावर तेलाची साय येते. ती लाकडाच्या भुश्याने टिपून घ्या, गटारीत किंवा आडाजवळ ओतू नका. नाथसागराचं पाणी अख्खं संभाजीनगर पितं. टू-स्ट्रोकचं ऑइल थोडं तरी पाण्यात जातंच, म्हणून वाजवीपेक्षा एक थेंब जास्त टाकू नका आणि विनाकारण मोटार पळवू नका.

पुरात मोटारच बुडाली. आता?

गाळाच्या पाण्यात बुडाली असेल तर दोरी ओढू नका. काळ्या मातीचा गाळ सिलिंडरला पॉलिश पेपरसारखा घासतो. आणि चालू असताना बुडाली असेल तर आत पाणी दाबलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो, अडखळलं की जोर करू नका.

बाहेर काढल्यावर हवा लागली की गंज तासांत सुरू होतो. लगेच काम करता येत नसेल तर मोटार स्वच्छ पाण्याच्या टिपाडात पूर्ण बुडवून ठेवा. ऐकायला उलटं वाटतं, पण पाण्याखाली ती जास्त सुरक्षित असते. वेळ मिळाला की बाहेर काढा, प्लग काढा, भोकं खाली करून पाणी निथळवा, कार्बोरेटर खोला, गोड्या पाण्याने गाळ धुवा, मग डिझेल, मग टू-स्ट्रोक ऑइल. वायरिंगचे जोड सुकवा. आणि त्याच दिवशी टिपाडात सुरू करून तासभर चालवा, म्हणजे आतली ओल उष्णतेने निघून जाते.

रंग कोणता द्यावा?

रंग शेवटी. ॲल्युमिनियमला साधा रंग धरत नाही, खाली एपॉक्सी किंवा झिंक क्रोमेट प्रायमर हवा. जुना रंग खरवडताना तोंडाला मास्क लावा आणि ओलं करून घासा, त्यात शिसं असू शकतं. हेडचं जुनं पॅकिंगही कोरडं घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते.

नाथसागरात मोटारहोडी चालवायला परवानगी लागते का?

लागते. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय मोटार उतरवू नका. हिवाळ्यात लांबून आलेले पक्षी उथळ पाण्यात उतरलेले असतात, मोटारीच्या आवाजाने थवा उठला की त्यांची दिवसभराची चारणी जाते. बाकी जलाशयांवर यांत्रिक होडीची नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली येते, आणि धरण ज्या खात्याचं त्याची परवानगी वेगळी. लाइफ जॅकेट माणशी एक, यात तडजोड नको.

धरण कोरडं आहे. वर्ष-दोन वर्षं मोटार पडून राहणार. कशी ठेवू?

टिपाडात मोटार चालू असतानाच पेट्रोलचा पाइप काढा आणि कार्बोरेटरमधलं सगळं पेट्रोल जळून ती आपोआप बंद पडू द्या. पुराच्या दिवशीची ती काकवी अशीच टळते. वाटीचा खालचा स्क्रू काढून उरलेले थेंबही सोडा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात दोन चमचे टू-स्ट्रोक ऑइल टाका, दोरी हळू चार वेळा ओढा, प्लग परत लावा. गिअर ऑइल ठेवायच्या आधी बदला, नंतर नाही. जुन्यात पाणी असेल तर तेच दोन वर्षं गिअरवर बसून राहील.

मोटार उभी ठेवा, म्हणजे पायातलं पाणी निथळतं. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली रबर भाजून निघतं. कुणाकडे माळवदाचं जुनं घर असेल तर त्याची आतली खोली सगळ्यात उत्तम. पाण्याच्या धारेचं बारीक भोक आणि खालची जाळी कापडाने बांधून घ्या. कुंभारमाशी त्या भोकात मातीचं घर करते. एका मोटारीची धार बंद होती म्हणून मी अख्खा पंप खोलला आणि शेवटी सुईने वाटाण्याएवढी माती निघाली. कापडाचा रंग लालभडक घ्या, सुरू करताना काढायचं विसरणार नाही.

महिन्यातून एकदा फ्लायव्हील हाताने घड्याळाच्या दिशेने दोन फेरे फिरवा, म्हणजे इंपेलरच्या पाकळ्या एकाच जागी दुमडून राहत नाहीत आणि सिलिंडरला तेल लागतं. वर्षातून दोनदा टिपाडात सुरू करा. मी एकदा मृग निघायच्या आधी करतो आणि एकदा खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाल्यावर. ताजं पेट्रोल दोन लिटर, पंधरा मिनिटं, धार बघायची, पाइप काढून पेट्रोल संपवून बंद पडू द्यायची. भोईकाकांची मोटार आता त्यांच्या नातवाकडे आहे. तो दर मृगाला टिपाड भरून मला फोन करतो आणि फोन मोटारीजवळ धरतो.